बेटावरचा पहिला कचरा

बेटावर घरे सदतीस होती आणि शिडी एक. याबद्दल कुणीही, कधीही, कोणत्याही कार्यालयात तक्रार केलेली नव्हती. जिथून तक्रार येत नाही तिथे काहीतरी गंभीर दडलेले असते, हे कार्यालयांना अनुभवाने ठाऊक असते. म्हणून पुढचे सारे घडले.

शिडी सोळा पायऱ्यांची. खालून तिसरी पायरी कधीतरी मोडली तेव्हा तिथे वल्ह्याचा तुकडा बसवलेला, नववीला तारेचे वेढे, आणि भिंतीला ओरखडे पडू नयेत म्हणून वरच्या दोन्ही टोकांना जुन्या चपलेचे रबर. ती कुणी बनवली हे कुणाला आठवत नव्हते. रीत एवढीच, की ज्याचे काम झाले त्याने ती खांद्यावर घेऊन पुढच्या गरजवंताच्या दारात नेऊन टेकवायची. बेट इतके लहान, की आज शिडी कुणाच्या भिंतीला आहे हे धक्क्यावर उभे राहिले तरी दिसे. शिडी मागण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. तिला 'माझी' म्हणणे मात्र अगदीच असभ्यपणाचे, आणि तितका असभ्य माणूस बेटावर अजून जन्मलेला नव्हता.

भट्टीवाल्या काकूंना ही शिडी गुरुवारी हवी होती. अख्ख्या बेटाचा पाव काकूंच्या भट्टीत भाजला जाई, आणि भट्टीवरचे पत्रे धरून ठेवणारे चार हूक ढिले झाले होते. वाऱ्याचे दिवस तीन आठवड्यांवर आलेले. पत्रा उडाला की भट्टीत पाणी, पाणी शिरले की विटांची कमान ढासळणार, आणि कमान ढासळली की काकूंचा संसार आणि बेटाची न्याहारी दोन्ही एकदम बसणार. संसार तसा दोघींचाच. काकू आणि त्यांची नणंद. नणंद पीठ मळायची आणि जगाला नावे ठेवायची. दोन्ही कामांत तिचा हात धरणारे कुणी नव्हते.

शिडी तेव्हा दीपगृहावरच्या दिवेवाल्याकडे होती.

"गुरुवारी सकाळी आणून टेकवतो काकू," तो म्हणाला. "काचा पुसून झाल्या की लगेच निघालोच."

"ये सावकाश. चहा टाकून ठेवते."

गुरुवारी काकूंचा चहा दोनदा गरम झाला, पण दिवेवाला काही आला नाही. गुरुवारी बोट आली.

बोटीतून एक समन्वयक बाई उतरल्या. मागोमाग रंगीत चिठ्ठ्यांची दोन खोकी उतरली, गुंडाळता येणारा फळा उतरला, आणि शेवटी दोघांनी धरून एक फलक उतरवला. त्यावर लिहिले होते, 'शाश्वत व चक्राकार द्वीपजीवनासाठी सामुदायिक सहरचना उपक्रम, टप्पा पहिला'. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. अंगात खिसेच खिसे असलेले जाकीट आणि चेहऱ्यावर समोरच्याचे ऐकून घेण्याचे हसू. त्यांनी साऱ्या घरांतून एकेकाला शाळेच्या खोलीत बोलावले आणि गोल बसवले. रांगेत बसले की विचार सरळ जातात, आणि इथे तर चक्राकार हवे होते.

"आम्ही तुम्हाला काही शिकवायला आलेलो नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडून शिकायला आलोय. सगळं तुम्हीच ठरवायचं. कसं ठरवायचं ते मी सांगते."

पहिल्यांदा प्रत्येकाने आपल्या स्वप्नातले बेट चिठ्ठीवर काढायचे होते. काकूंनी भट्टी काढली, भट्टीवर पत्रे काढले आणि पत्र्यांना चार हूक.

"यात एक ऊब आहे," बाई म्हणाल्या.

"यात चार हूक आहेत," काकू म्हणाल्या. "ढिले झालेत."

ती चिठ्ठी 'भावना' या रकान्यात चिकटवण्यात आली.

दुसरा प्रश्न होता, तुम्ही एकमेकांत वाटून काय वापरता? दिवेवाल्याने खिडकीबाहेर बोट दाखवले. तो शिडी घेऊन काकूंकडेच निघाला होता, पण समाजाने बोलावले आहे असे वाटेत कळल्यावर शिडी शाळेच्या भिंतीला टेकवून आत येऊन बसला होता. सदतीस घरांत एक शिडी आणि आजवर एकही भांडण नाही, हे ऐकून बाईंना गहिवरून आले. असे काही असते हे त्यांना प्रशिक्षणात सांगितले होते, पण विश्वास ठेवायला सांगितले नव्हते. त्यांनी शिडीचे सर्व बाजूंनी फोटो काढले, तिच्या अंगावर '००१' हा क्रमांक चिकटवला आणि नोंदणीचा तक्ता उघडला. चौथा रकाना होता मालकाच्या नावाचा.

"शिडी कुणाची आहे?"

"आत्ता काकूंकडे चाललीय," दिवेवाला म्हणाला.

"म्हणजे काकूंची?"

"छे, छे! भलतंच काय!" चोरीचा आळ आल्यासारख्या काकू उसळल्या.

"मग तुमची?"

दिवेवाल्याने जीभ चावली.

निवृत्त मास्तरांची तासाभरापूर्वीच एकमताने सचिव म्हणून निवड झाली होती, कारण चष्मा त्यांच्याकडे होता. त्यांनी एकेकाला उभे करून विचारले. सुतार म्हणाला, "मी फक्त दोनदा दुरुस्त केली, मास्तर. माझी कुठली!" न्हावी म्हणाला, "देव करो आणि माझ्या तोंडून असं काही न निघो." मास्तरांनी सुवाच्य अक्षरात छत्तीस वेळा 'माझी नाही' असे लिहिले. मग स्वतः उठून उभे राहिले, स्वतःला विचारले आणि सदतिसावे लिहिले.

बाईंच्या चेहऱ्यावरचे हसू थोडे पातळ झाले. "पण मग अडचण आहे. वाटून वापरायची तर वस्तू आधी कुणाची तरी असावी लागते ना? मालकच नसेल तर त्याला वाटणं म्हणत नाहीत. तो नुसता वापर झाला."

"वापरच तर करतो," सुतार म्हणाला.

"तेच म्हणतेय मी."

मालकी निश्चित होईपर्यंत शिडी 'सुरक्षित ताब्यात' ठेवावी असा ठराव झाला. ठराव करणे म्हणजे हात वर करणे, आणि पाहुण्या बाईने हात वर करा म्हटल्यावर न करणे बेटाच्या स्वभावात नव्हते. शिडी शाळेच्या अडगळीच्या खोलीत गेली. किल्ली मास्तरांच्या कमरेला लागली.

शुक्रवारी काकू मास्तरांकडे गेल्या. "मास्तर, दोन तासांचं काम आहे हो. संध्याकाळच्या आत आणून ठेवते."

"माझ्या हातात काही नाही, काकू."

"किल्ली आहे की."

"किल्ली आहे, पण अधिकार नाही. पूर्वी अधिकार होता, पण तेव्हा किल्ली नव्हती." मास्तर हे बोलून गेले आणि आपण काय बोललो याचा विचार करत बराच वेळ उंबऱ्यात उभे राहिले.

काकू बाईंकडे गेल्या. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "काकू, शिडी तुमचीच आहे. म्हणजे तुम्हा सगळ्यांची आहे. म्हणूनच तुम्हाला एकटीला नेता येणार नाही."

घरी नणंद कणकेचा गोळा परातीत आपटत होती. "वहिनी, तुम्ही म्हणजे अगदी हे आहात. जा आणि सांगा सरळ, माझी आहे म्हणून. रकाना भरेल, खोली उघडेल, पत्रा बसेल. मग आणा परत आणि म्हणा, चुकले."

"वन्सं, अहो, कसं म्हणायचं तसं?"

"तोंडाने."

शनिवारी काकू कंबर कसून निघाल्या. वाटेत चार वेळा मनात घोकले. बाईंनी तक्ता उघडला, पेन चौथ्या रकान्यावर टेकवले आणि वाट पाहत राहिल्या. काकूंच्या डोळ्यांसमोर सुताराचा चेहरा आला, न्हाव्याचा आला, यजमान गेले त्या वर्षी न बोलावता शिडी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या दिवेवाल्याच्या बापाचा आला. 

"ती... चांगली शिडी आहे," काकू म्हणाल्या आणि परत आल्या.

सुताराने मात्र डोके चालवले. "काकू, मी नवी ठोकून देतो. होडीच्या फळ्या पडल्यात थोड्या. दोन दिवस द्या मला." काकूंच्या जिवात जीव आला. पण सुताराने पहिल्या फळीला रंधा लावला तोच मास्तर हजर झाले. पहिल्या दिवशी सगळ्यांनी हजेरीवर सह्या केल्या होत्या. त्या कागदाच्या मागे नऊ कलमे होती, आणि नववे कलम असे होते, की उपक्रम चालू असेपर्यंत समाजाने सहरचनेवाचून कोणतीही नवी वस्तू निर्माण करू नये.

"आपणच ठरवलंय हे," मास्तर खिन्नपणे म्हणाले.

"कधी?"

"सही केली तेव्हा."

दरम्यान मुख्यालयातून बाईंची खरडपट्टी निघाली होती. बेटावरील कचऱ्याच्या रकान्यात त्यांनी शून्य भरून पाठवले होते. त्या खरोखरच घरोघर फिरल्या होत्या. फाटके जाळे कोंबड्यांच्या कुंपणाला लागलेले, फुटक्या बादलीत झाड वाढलेले, गेलेल्या आजोबांचा कोट उशीत भरलेला. टाकून दिलेले काही म्हणजे काहीच सापडले नव्हते. मुख्यालयाने उलट टपाली कळवले, की शून्य हे उत्तर संगणक स्वीकारत नाही. चक्राकार व्यवस्था कचऱ्यापासून सुरू होते, त्यामुळे कचरा नसल्यास आपण तेथे नेमके काय करीत आहात याचा खुलासा करावा.

बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मग त्यांनी नियमावली पुन्हा वाचायला घेतली, आणि परिशिष्टात त्यांना व्याख्या सापडली. 'ज्या वस्तूची मालकी सात दिवसांत कोणीही सांगत नाही, अशी वस्तू म्हणजे कचरा.'

त्या दिवशी आठवा दिवस होता.

बेटावरचा पहिला अधिकृत कचरा सापडल्याचे शाळेत टाळ्यांच्या गजरात जाहीर झाले. शिडीचे वजन झाले. मास्तरांनी शून्य खोडून तिथे बावीस किलो लिहिले आणि मुख्यालयाच्या संगणकाने ते गोड मानून घेतले.

"आता या कचऱ्याचं काय करायचं, हे तुम्ही ठरवायचं," बाई उत्साहाने म्हणाल्या. "अगदी मोकळेपणी. चुकीचं उत्तर असं काही नसतं."

सगळ्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या. बाईंनी एकेक उघडली. सदतीस चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता. शिडी.

"हे उत्तर चुकीचं आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे, चुकीचं नाही, पण बघा ना, शिडीपासून शिडी केली तर रूपांतर कुठं झालं? मूल्यवर्धन कुठं झालं?"

"करावं काहीच लागणार नाही बाई," सुतार म्हणाला. "तयारच आहे ती."

"म्हणूनच बसत नाही ना ते!"

मग बाईंनीच तीन पर्याय पुढे ठेवले. शोभेचा बाक, भिंतीवरची चौकट किंवा स्मृतिचिन्हे. पुढच्या आठवड्यात मुख्यालयातून पाहणीसाठी सोळा पाहुणे येणार होते. शिडीला पायऱ्या सोळा. हा योगायोग नसून समाजाचा कौल आहे, असे मास्तरांनी इतिवृत्तात आधीच लिहून टाकले. पण खरे सांगायचे तर मास्तरांवर खापर फोडण्यात अर्थ नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांना रिकाम्या हाताने कसे पाठवायचे, या एकाच विचाराने अख्खी खोली हळहळली. आधी न्हाव्याचा हात वर गेला, मग दिवेवाल्याचा. आणि सांगायला लाज वाटते, पण काकूंचाही गेला.

"वर गेलेला हात खिडकीतून दिसला हो मला," नणंद घरी म्हणाली. "चांगला उंच गेला होता. तेवढाच पत्र्यापर्यंत गेला असता तर बरं झालं असतं."

"पाहुणे आहेत, वन्सं."

"आणि आपण कोण आहोत?"



शिडी कापायचे काम सुताराकडे आले. तो दोन दिवस करवत हरवल्याचे सांगत होता. तिसऱ्या दिवशी त्याला 'पुनर्रचना कारागीर' असे प्रमाणपत्र मिळाले. चौकटीतले प्रमाणपत्र बायकोने भिंतीवर लावले आणि मग करवत सापडली. नववीच्या तारा त्याने सोडवल्या आणि खिशात ठेवल्या. त्या कशाला ठेवल्या असे कुणी विचारले तर त्याला सांगता आले नसते. पायऱ्या घासून, रोगण लावून चकचकीत झाल्या. प्रत्येकीवर सोनेरी अक्षरांत लिहिले, 'चला, एकत्र चढू या'.

काकूंनी स्वतःच्या परीने धडपड केली. टेबलावर पिठाचे पिंप चढवले, पिंपावर स्टूल, आणि स्टुलावर साठी उलटलेल्या काकू. खालून नणंद पाय धरून उभी आणि तोंडाने चालूच.

"पोचलात का?"

"वीतभर राहिलं."

"वीतभराला प्रमाणपत्र मिळत असेल तर बघा विचारून!"

दोन हूक आवळले गेले. पलीकडचे दोन राहिले. तिथवर काकूंचा हात काही केल्या गेला नाही.

पाहुणे आले त्याच दिवशी वाराही, ठरल्या वेळेच्या दोन दिवस आधी, येऊन पोचला. शाळेच्या खोलीत भाषणे झाली. सोळा पाहुण्यांना सोळा स्मृतिचिन्हे देण्यात आली. वल्ह्याच्या तुकड्याची पायरी मुख्य पाहुण्यांना मिळाली, कारण ती सर्वांत निराळी दिसत होती. ते बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "या बेटाने जगाला दाखवून दिलं आहे, की टाकाऊ असं काहीच नसतं."

इतक्यात बाहेर कडाडकन आवाज झाला आणि खिडकीसमोरून एक मोठा पत्रा डौलात गिरक्या घेत समुद्राच्या दिशेने गेला. त्यामागोमाग दुसरा.

"ते काय होतं?" मुख्य पाहुण्यांनी विचारले.

"काकूंचं छप्पर," दिवेवाला म्हणाला.

"अरे वा!" पाहुणे खरोखर चकित झाले. "म्हणजे इथं छप्परंसुद्धा या घरून त्या घरी जातात?"

टाळ्या पडल्या. काकू तोवर धावत सुटल्या होत्या.

भट्टीची कमान संध्याकाळपर्यंत टिकली आणि मग बसली. आत घातलेले दीडशे पाव चिखलात गेले. नणंद पहिल्यांदाच काही बोलली नाही. ती ओल्या पिठाची पोती एकटीने ओढत होती, आणि काकूंना तिच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागले. बावीस दिवस बेटाने पावाशिवाय काढले. सदतीसही घरची माणसे विटा वाहायला आली. नवी कमान झाली, समुद्रातून पत्रेही काढून आणले, पण ते कसे चढवायचे हा प्रश्न सगळ्यांनी एकमेकांकडे पाहून आतल्या आत गिळला. शेवटी तीन जणांनी एकमेकांच्या खांद्यावर उभे राहून ते चढवले. तिघांपैकी न्हावी खाली पडला आणि महिनाभर त्याने डाव्या हाताने दाढ्या केल्या. त्या महिन्यात बेटावर बरेच जण दाढीवाले झाले.

उपक्रमाचा दुसरा टप्पा गरजांच्या पाहणीने सुरू झाला. बाईंनी सर्वाधिक निकडीची गरज लिहायला सांगितली. सदतीस चिठ्ठ्या आल्या आणि या वेळी उत्तर बरोबर ठरले. अहवालात लिहिले गेले, की बेटावर एकही शिडी नसणे ही धक्कादायक बाब सहरचनेमुळेच उजेडात आली. शिवाय पूर्वीच्या सामायिक शिडीबाबत मालकीचा गंभीर संभ्रम होता, असा तज्ज्ञांचा अभिप्राय पडला. सबब प्रत्येक घरास स्वतंत्र शिडी देण्यात यावी.

बोटीतून सदतीस चकचकीत ॲल्युमिनियमच्या शिड्या उतरल्या. प्रत्येकीवर घरमालकाच्या नावाची पट्टी, सोबत साखळी आणि कुलूप. शिडी हरवल्यास जबाबदारी धारकाची, असे पत्रक. वर्षातून दोन दिवस लागणारी ती वस्तू ठेवायची कुठे, या विवंचनेत घरोघर पलंग सरकले, कपाटे हलली. सुताराने अंगण कमी करून शिडीला आडोसा बांधला. धक्क्यावरून आता कुणाचीच शिडी दिसत नव्हती. मुख्यालयाने 'शिडीहीन ते शिडीसंपन्न' असे पुस्तक काढले. त्यात काकूंचा फोटो आहे. आपल्या शिडीच्या वरून तिसऱ्या पायरीवर उभ्या राहून त्या पत्र्याचा हूक आवळत आहेत आणि कुणीतरी हसा म्हटल्यामुळे हसत आहेत.

पुढे एकदा दिवेवाला काकूंकडे आला. त्याच्या शिडीच्या बिजागरीचा खिळा समुद्रात पडला होता आणि दीपगृहाच्या काचा मिठाने पांढऱ्या झाल्या होत्या.

"काकू, तुमची शिडी नेऊ का जरा? तासाभराचं काम आहे."

काकूंचे हात पिठात होते. "ने की," असे त्या म्हणणार होत्या. तेवढ्यात त्यांना पत्रक आठवले, नावाची पट्टी आठवली, मागच्याच महिन्यात न्हाव्याने सुताराच्या शिडीला पाडलेला पोचा आठवला.

"परत कधी आणून देशील?" काकूंनी विचारले.

बेटावर हा प्रश्न आजवर कुणी कुणाला विचारला नव्हता. दिवेवाल्याने उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला. मग म्हणाला, "राहू द्या काकू. काचा काय, पाऊस धुईलच," आणि गेला. काकूंनी नणंदेकडे पाहिले. नणंद मान खाली घालून पीठ मळत होती.

बेटावरची माणसे फारच भोळी, असे वाचताना तुम्हाला वाटले असेल. जमले तर उठून एकदा माळ्यावर नजर टाका. भिंतीला भोक पाडायचे यंत्र तिथे खोक्यात असेल, आजवर तीन भोके पाडलेले. शेजारच्या माळ्यावर तसेच आहे, वरच्या मजल्यावरही तसेच. मागायला गेलात तर शेजारी 'परत कधी देणार?' असे विचारतील, म्हणून तुम्ही मागितले नाही. आणि ते तुमच्याकडे कधी आले नाहीत, कारण तुमचा चेहरा त्यांनी पाहिलेला आहे.

तुमच्याकडे तर उपक्रमसुद्धा आला नव्हता.